बुजवलेले तळघर : लिव्हरपूलची गाणी आणि लिव्हरपूलची गोदी

लिव्हरपूलला जाणारा प्रवासी बहुधा चार तरुणांना भेटायला जातो. मर्सी नदीच्या काठी, पियर हेड नावाच्या धक्क्यावर, बीटल्सचे ब्राँझचे पुतळे २०१५ च्या डिसेंबरपासून उभे आहेत. त्यांच्याबरोबर छायाचित्र काढले की पुढचा टप्पा ठरलेला असतो : मॅथ्यू स्ट्रीट, आणि त्या गल्लीतला कॅव्हर्न क्लब. पायऱ्या उतरून खाली गेले की विटांच्या ठेंगण्या कमानी, अंधार आणि टोकाला छोटासा रंगमंच. प्रवासी कमानीवरून भक्तिभावाने हात फिरवतो. मात्र ती कमान १९८४ ची आहे. बीटल्स ज्या तळघरात गायले, ते १९७३ साली बुजवण्यात आले होते.

जगभरातून माणसे ज्या जागेसाठी येतात, ती जागा एखादे शहर स्वतःच्या हाताने का बुजवते, आणि दहा-अकरा वर्षांनी पुन्हा का बांधते? याचे उत्तर संगीताच्या इतिहासात शोधून सापडत नाही. ते गोदीच्या इतिहासात आहे. म्हणून या धाग्याची सुरुवात गाण्यांपासून नव्हे, पाण्यापासून.

मर्सीच्या भरती-ओहोटीतला फरक फार मोठा. ओहोटीला जहाज चिखलात रुतावे आणि भरतीला दोरखंड तुटावेत, अशी स्थिती. १७१५ मध्ये थॉमस स्टीअर्स या अभियंत्याने येथे दरवाजे असलेली बंदिस्त गोदी बांधली आणि आत पाण्याची पातळी स्थिर ठेवली. व्यापारी मालासाठी बांधलेली अशी ही जगातली पहिली गोदी मानली जाते. जहाज आठवडाभर तिष्ठण्याऐवजी झटपट रिकामे होऊ लागले आणि लहानसे गाव शतकभरात साम्राज्याचे प्रवेशद्वार झाले. त्या समृद्धीचा मोठा वाटा माणसांच्या व्यापारातून आला. लिव्हरपूलहून निघालेल्या जहाजांनी सुमारे १५ लाख आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून अटलांटिकपार नेले, असा अंदाज आहे. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद केला, तेव्हा युरोपात त्यात सर्वांत पुढे असलेले बंदर हेच होते. नगरपरिषदेने याबद्दल औपचारिक माफी मागितली ती १९९९ च्या डिसेंबरात.

या इतिहासाची आणि गाण्यांची गाठ एका रस्त्याच्या पाटीवर पडते. पेनी लेन हा शहराच्या दक्षिणेकडचा साधा रस्ता. त्याच्या नावाचे गाणे बीटल्सने १९६७ मध्ये काढले आणि पाट्या इतक्या वेळा चोरीला गेल्या, की नाव थेट भिंतीवर रंगवावे लागले. पुढे असा समज पसरला, की हे नाव जेम्स पेनी या अठराव्या शतकातील गुलाम-व्यापाऱ्यावरून पडले. २०२० च्या जूनमध्ये, जगभर वसाहतकालीन पुतळे पाडले जात असताना, या पाट्यांवरही कोणी काळा रंग फासला. त्यानंतर शहरातील गुलामगिरी-संग्रहालयाने जुने दप्तर तपासले. रस्त्याचे नाव आणि त्या व्यापाऱ्याचा संबंध दाखवणारा पुरावा सापडला नाही, आणि संग्रहालयाने गुलाम-व्यापाऱ्यांची नावे असलेल्या रस्त्यांच्या आपल्या यादीतून पेनी लेन वगळले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या प्रसंगाचा उत्तरार्ध विसरू नये : त्या यादीतील इतर रस्ते मात्र खरोखर गुलाम-व्यापाऱ्यांच्या नावाचे आहेत. त्यांच्यावर कोणी गाणे लिहिले नाही, म्हणून तेथे पर्यटकांच्या बस थांबत नाहीत.

आता थोडे आपल्याकडे वळू. भारत आणि लिव्हरपूल म्हटले की सतार आणि ऋषीकेश आठवते. जाणकारांना हेही ठाऊक असते, की १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत होता आणि ‘वंडरवॉल म्युझिक’साठी शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे वादक तेथे वाजवीत होते. पण मुंबई आणि लिव्हरपूल यांचे नाते त्याहून शंभर वर्षे जुने, आणि ते कापसाचे.

लँकाशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस लिव्हरपूलच्या गोदीत उतरत असे, आणि त्यातला बहुतेक अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या श्रमांतून येई. म्हणजे १८०७ नंतरही या शहराचा गुलामगिरीशी संबंध संपला नव्हता. माणसांऐवजी माणसांनी वेचलेला माल येऊ लागला, इतकेच. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा लिव्हरपूलच्या दलालांची नजर मुंबईकडे वळली. गुजरात, खानदेश, वऱ्हाड येथला कापूस मुंबईच्या बंदरातून मर्सीकडे निघाला. तिकडे त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे : आखूड धाग्याच्या, कचरा मिसळलेल्या या कापसावर काम करताना धागा सारखा तुटे आणि लँकाशायरचा कामगार त्या नावाने बोटे मोडी. तरी भाव चढतच गेला. टपालाच्या बोटीने येणाऱ्या लिव्हरपूलच्या भावाकडे मुंबईचे सटोडिये डोळे लावून बसत. प्रेमचंद रायचंदांनी दिलेल्या ज्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला, ती याच तेजीच्या काळातली. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ या वायदेपूर्तीच्या दिवशी मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या.

याच लिव्हरपूलच्या कापूस बाजारात, १९१६ साली, चौदा वर्षांचा एक मुलगा नमुने पोहोचवणारा पोऱ्या म्हणून लागला. दलालाच्या पेढीवरून गिऱ्हाइकाकडे कापसाचे नमुने नेणे हे त्याचे काम. पुढे तो विक्रेता झाला आणि संध्याकाळी स्वतःचा जॅझ वाद्यवृंद चालवू लागला. त्याचे नाव जिम मॅकार्टनी; पॉल मॅकार्टनीचे वडील. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कापूस बाजार बंद केला, तो १९५४ मध्ये पुन्हा उघडला तरी जुना जोम आला नाही. जिम यांची मिळकत इतकी घटली, की परिचारिका असलेल्या त्यांच्या पत्नीचे वेतन त्यांच्याहून अधिक होते. घरात मात्र पियानो होता, आणि तो एपस्टाइन कुटुंबाच्या दुकानातून घेतलेला. त्याच घराण्यातला ब्रायन एपस्टाइन पुढे बीटल्सचा व्यवस्थापक झाला. ओसरत चाललेल्या व्यापारी शहरात अशी घरे पुष्कळ होती : पैसा गेलेला, वाद्य राहिलेले.

चौघांपैकी आणखी दोघांच्या घरी समुद्राचा पगार आलेला होता. जॉन लेननचे वडील व्यापारी जहाजांवर नोकरीला होते आणि मुलाच्या वाट्याला फारसे आलेच नाहीत. जॉर्जचे वडील जहाजावर सेवक होते. नंतर बोट सोडून ते शहराच्या बसवर लागले. एवढ्या साहित्यावर एक सुबक कथा सहज उभी राहते, आणि ती राहिलीही. ती अशी : क्युनार्ड कंपनीच्या जहाजांवरून न्यूयॉर्कला जाणारे लिव्हरपूलचे खलाशी येताना अमेरिकन कपडे आणि अमेरिकन तबकड्या आणीत, लंडनला ठाऊक नसलेले संगीत या ‘क्युनार्ड यँकां’मुळे थेट मर्सीकाठी पोहोचले, म्हणून रॉक अँड रोलची पालवी येथे फुटली.

कथा मोहक आहे, पण पुराव्यापुढे पुरती टिकत नाही. बीटल्स आणि त्यांचे समकालीन क्लबांत जी अमेरिकन गाणी गात, त्यांपैकी बहुतेकांच्या तबकड्या ब्रिटनमध्येही निघाल्या होत्या. डेक्का कंपनीची ‘लंडन अमेरिकन’ ही मुद्रा तर त्यासाठीच होती. ज्याला शोधायची हौस होती त्याला त्या शहरातल्या दुकानात मिळत. एपस्टाइनचे दुकान तर गिऱ्हाइकाने मागितलेली कोणतीही तबकडी मागवून देई. खलाशांच्या तबकड्या आल्याच नाहीत असे नव्हे. पण त्यांत लोकगीतांपासून कंट्री संगीतापर्यंत सर्व काही होते, आणि लिव्हरपूल तर कंट्री संगीताच्या वेडासाठीच आधी प्रसिद्ध होते. वॉरिंग्टनजवळच्या बर्टनवुड येथील अमेरिकन हवाई तळाचा वाटाही मोठा, परंतु त्या सैनिकांची कथा कोणी फारशी सांगत नाही.

मग खलाशांनी आणले तरी काय? एक गोष्ट निश्चित सांगता येते. १९६१ मध्ये जॉर्ज हॅरिसनने एका स्थानिक खलाशाकडून काळी ग्रेच गिटार विकत घेतली. खलाशाने ती न्यूयॉर्कमध्ये घेतलेली होती. परदेशी वाद्यांच्या आयातीवर ब्रिटनने युद्धानंतर घातलेले निर्बंध तोवर नुकतेच उठलेले, आणि अशी गिटार दुकानात दिसणेही दुर्मीळ. कॅव्हर्नच्या दिवसांतील छायाचित्रांत ती दिसते, आणि १९८७ च्या ‘क्लाउड नाइन’च्या मुखपृष्ठावर तीच पुन्हा हॅरिसनच्या हातात आहे. दंतकथेपेक्षा हे एक वाद्य अधिक बोलके आहे. जाता जाता : याच मर्सीत मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर कोकणातले आणि गोव्यातले खलाशीही असत. त्यांनी येताना काय आणले आणि जाताना काय नेले, यावर कोणी ‘यँक’सारखे लाडके नाव ठेवले नाही.

बंदर म्हणजे केवळ वस्तूंची ये-जा नव्हे, माणसांचीही. बीटल्सचा आरंभीचा ढोलवादक पीट बेस्ट १९४१ साली मद्रासमध्ये जन्मला. त्याची आई मोना दिल्लीची. भारतातून निघालेल्या सैन्यवाहू जहाजातून हे कुटुंब १९४५ च्या नाताळात लिव्हरपूलला उतरले. सांगतात, की मोनाने १९५४ च्या डर्बी शर्यतीत ‘नेव्हर से डाय’ या घोड्यावर दागिने गहाण ठेवून पैसे लावले, तेहतीसास एक या भावाने जिंकले आणि त्यातून मोठे घर घेतले. त्या घराच्या तळघरात २९ ऑगस्ट १९५९ रोजी तिने तरुणांसाठी ‘कॅस्बा कॉफी क्लब’ उघडला. पहिल्याच रात्री तेथे लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन वाजवायला होते. उघडण्यापूर्वी भिंती-छत रंगवण्याच्या कामीही त्यांनी हात लावला होता. हे तळघर कोणी बुजवले नाही. ते आजही जागेवर आहे, शहराच्या मध्यापासून काहीसे दूर असल्यामुळे घाईचा प्रवासी तेथवर पोहोचत नाही एवढेच.

यापुढची हकीकत सांगताना मार्गदर्शक सहसा हँबुर्गला उडी घेतात. १९६० च्या ऑगस्टमध्ये ही मुले दुसऱ्या एका बंदरात, खलाशांच्या सांक्त पाउली मोहल्ल्यात, रात्र-रात्र वाजवू लागली आणि तेथे पक्की झाली, हे खरेच. पण त्यांना तेथवर नेणाऱ्या गाडीत कोण होते? वाटेत हॉलंडमधील आर्नेमच्या युद्धस्मारकापाशी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. लेनन त्यात नाही. त्यात एक कृष्णवर्णीय गृहस्थ आहेत : हॅरोल्ड फिलिप्स, ‘लॉर्ड वुडबाइन’ या नावाने गाणारे त्रिनिदादचे कॅलिप्सो गायक. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ जहाजाने ते इंग्लंडला आले, लिव्हरपूलमध्ये स्थिरावले, ॲलन विल्यम्सबरोबर क्लब चालवू लागले. विल्यम्सच्या ‘जॅकरँडा’त कॅरिबियन स्टील बँड वाजे आणि हे होतकरू पोरगे तेथे घोटाळत असत. हँबुर्गची वाट उघडली ती या वर्तुळातून.

लॉर्ड वुडबाइन ज्या वस्तीत वावरले ती ‘लिव्हरपूल ८’, म्हणजे टॉक्सटेथ. ब्रिटनमधील सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय समाजांपैकी एक येथला. त्याची मुळे अठराव्या शतकात जातात. गोऱ्या वस्तीतल्या नाचघरांत या लोकांना मज्जाव होता, म्हणून नायजेरियन, सिएरा लिओन अशा नावांनी त्यांनी आपापले क्लब उभे केले, आणि बर्टनवुडचे कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक तेथेच येत. मज्जाव हा शब्दही सौम्यच. १९१९ च्या जूनमध्ये चार्ल्स वूटन या तरुण कृष्णवर्णीय खलाशाचा जमावाने क्वीन्स डॉकपर्यंत पाठलाग केला होता. त्याच गोदीच्या पाण्यात तो मेला. कोणावर खटला झाला नाही.

या वस्तीतला ‘द चँट्स’ हा पाच कृष्णवर्णीय गायकांचा संच. १९६२ मध्ये ते कॅव्हर्नमध्ये गायले, तेव्हा त्यांच्यामागे वाजवायला बीटल्स स्वतः उभे राहिले. पुढल्या वर्षी लिव्हरपूलच्या गोऱ्या संचांनी देश जिंकला. जेरी अँड द पेसमेकर्स यांच्या पहिल्या तिन्ही तबकड्या अग्रस्थानी गेल्या. ‘द चँट्स’ना करार मिळाले, यश मिळाले नाही. त्यांच्यातलाच एडी अमू पुढे ‘द रिअल थिंग’ या संचात गेला आणि १९७६ मध्ये त्या संचाचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९७७ च्या त्यांच्या संग्रहाचे नाव ‘फोर फ्रॉम एट’, म्हणजे आठ क्रमांकाच्या वस्तीतले चौघे. शहराला आणखी चार जण मिळाले होते, पण पुतळ्यांचा चौथरा आधीच भरला होता.

आता कॅव्हर्नकडे परत. १६ जानेवारी १९५७ रोजी ॲलन सिटनरने तो उघडला तो पॅरिसमधील जॅझच्या तळघरांसारखा क्लब म्हणून. रॉक अँड रोलला तेथे मनाई होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लेननच्या ‘क्वॉरीमेन’ संचाने एल्व्हिसचे गाणे सुरू केले तेव्हा मालकाने ते थांबवण्याची चिठ्ठी मंचावर धाडली. वर्ष-दोन वर्षांत मालक बदलला, धोरण बदलले, आणि १९६१ ते ऑगस्ट १९६३ या काळात बीटल्स येथे २९२ वेळा वाजले, असे क्लब सांगतो. अभ्यासकांची मोजणी त्याहून थोडी कमी भरते. जागा कसली होती? फळांच्या वखारींच्या गल्लीतले एका गोदामाचे तळघर. हवा खेळत नसे, छतावरून ओल ठिबकत असे. बंदर वाढले म्हणून गोदामे बांधली गेली आणि व्यापार आटू लागला म्हणून ती भाड्याने मिळू लागली. मर्सीकाठचा संगीताचा बहर त्या रिकाम्या होत चाललेल्या जागांत फुलला.

बहर ओसरला आणि आटणे चालूच राहिले. मालाच्या पेट्या कंटेनरमध्ये बंद झाल्या, जहाजे मोठी झाली, जुन्या दक्षिणेकडच्या गोद्या त्यांना अपुऱ्या पडू लागल्या. व्यापाराचे तोंडही अटलांटिककडून युरोपकडे वळले. १८४६ ची अल्बर्ट गोदी १९७२ मध्ये बंद झाली आणि चिखलाने भरू लागली. १९३१ च्या सुमारास साडेआठ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २००१ मध्ये साडेचार लाखांच्याही खाली आली. कॅव्हर्नचा शेवट या काळातला. भुयारी रेल्वेच्या हवेसाठी तेथे कूप खणायचा म्हणून १९७३ मध्ये क्लब बंद झाला, वरचे गोदाम पाडले गेले, तळघर राडारोड्याने भरले आणि वर मोटारी उभ्या राहू लागल्या. तो कूप कधीच खणला गेला नाही. त्या वेळी शहरात यावरून मोठा आक्रोश झाला असे दिसत नाही. बीटल्स लंडनला निघून गेले होते, आणि ज्यांची नोकरी गोदीबरोबर गेली त्यांना एका दमट तळघराची हळहळ करायला सवड नव्हती.

१९८० च्या डिसेंबरात लेननची न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली. १९८१ च्या जुलैमध्ये, पोलिसांच्या जाचाविरुद्ध आणि बेकारीविरुद्ध, टॉक्सटेथ पेटले. तीस वर्षांनी खुल्या झालेल्या मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांतून दिसते, की त्या वेळी लंडनमध्ये या शहराला सावरण्यापेक्षा पद्धतशीरपणे खालावू द्यावे असाही विचार काहींनी मांडला होता. प्रत्यक्षात दुसरा मार्ग धरला गेला : किनाऱ्याच्या पुनर्विकासाला पैसा आला, अल्बर्ट गोदीचा गाळ उपसला गेला आणि वखारींत संग्रहालये, दुकाने उघडली. मॅथ्यू स्ट्रीटवर १९८२ मध्ये जुने तळघर वापरता येईल का हे तपासले गेले; कमानी खिळखिळ्या झाल्या होत्या. तेव्हा जुन्याच विटांपैकी काही हजार वापरून, जुन्या जागेचा बराचसा भाग व्यापून, १९८४ मध्ये नवा कॅव्हर्न बांधला. विटा खऱ्या, कमानी नव्या.

त्यानंतर वारसा गोळा होत गेला. मॅकार्टनी राहिले ते फोर्थलिन रोडवरचे घर १९९५ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आले, लेननचे ‘मेंडिप्स’ २००२ मध्ये योको ओनोने विकत घेऊन ट्रस्टला दिले. रिंगोचे जन्मघर मात्र टॉक्सटेथच्या कडेला, डिंगल भागातल्या गरीब रांगेत. ती संपूर्ण रांगच पाडायची ठरली होती, आणि वर्षानुवर्षे ओसाड पडल्यावर २०१२ मध्ये ते घर वाचले. रांगेतल्या इतरांना तोवर घरे सोडावी लागली होती.

पियर हेडपासून अप्पर पार्लमेंट स्ट्रीट चालत अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. आफ्रिकी क्लबांच्या बहुतेक इमारती आता नाहीत. काही १९८१ च्या आधीच गेल्या होत्या. त्यांच्या विटा कोणी मोजून ठेवल्या नाहीत.

युनेस्कोने २००४ मध्ये ‘सागरी व्यापारी नगर’ म्हणून लिव्हरपूलचा बंदरभाग जागतिक वारसा यादीत घेतला. २०१५ मध्ये त्याच संस्थेने शहराला संगीतनगराचा किताब दिला. उत्तरेकडच्या गोद्यांवर उंच इमारतींच्या योजना आणि ब्रॅम्ली-मूर गोदीत फुटबॉलचे मैदान मंजूर झाल्यावर, २१ जुलै २०२१ रोजी वारसा यादीतून लिव्हरपूलचे नाव काढण्यात आले. ओमानमधील एक अभयारण्य आणि ड्रेस्डेनजवळचे एल्बेचे खोरे यांच्यानंतर असे घडलेले हे तिसरेच स्थळ. संगीतनगराचा किताब कायम आहे. ब्रॅम्ली-मूर गोदी भरून काढली गेली, आणि २०२५ पासून तेथे सामने होतात.